शब्दाला कुलूप कोणीं घातलें?

'लोगोस' हा ग्रीक शब्द ऐकून शेतकरी वाचकांनीं बिचकूं नये. बोलणें, हिशेब आणि बुद्धि हे तिन्ही अर्थ त्यांत आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें 500 वर्षें एफिससचा हेराक्लायटस सांगून गेला कीं, लोगोस सर्वांचा सामाईक आहे. लोक मात्र अक्कल खासगी असल्यासारखे वागतात. स्टोइक पंथानें तोच लोगोस प्रत्येक माणसांत पाहिला; त्या पंथाचा गुरु एपिक्टेटस एके काळचा गुलाम! योहानाच्या शुभवर्तमानानें तर कमालच केली. जो आरंभीं देवाजवळ होता व देवच होता, तो लोगोस माणूस झाला. कोण माणूस? नासरेथच्या सुताराचा मुलगा!

मग हा सामाईक शब्द लॅटिनच्या कुलपांत कोणीं कोंडला? पाद्रीशाहीनें! 1519 त एरास्मसनें 'वेर्बुम' या रूढ लॅटिन शब्दाऐवजीं 'सेर्मो', म्हणजे संभाषण, असें लिहिलें मात्र, धर्मपंडित त्याच्यावर तुटून पडले. नांगऱ्या पोरालाही शास्त्र कळावें या हट्टानें विल्यम टिंडलनें तें इंग्रजींत आणलें. 1536 त त्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलें व प्रेत जाळलें. आणि तीनच वर्षांनीं इंग्लंडांत राजाज्ञेनें देवळोदेवळीं जें इंग्रजी बायबल ठेवलें, त्यांतलें बरेंचसें भाषांतर त्याच पाखंड्याचें होतें!