कुंभांतला मासा

मनूच्या ओंजळींत आलेल्या मत्स्याची शतपथब्राह्मणांतील कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो कुंभांत मावेना, खळग्यांत मावेना. अखेर मनूनें त्यास समुद्रांत सोडिलें. परवां आमच्या नातवाच्या कोई माशांची तीच गत झाली.

कोरेगांवांतील आम्ही पांचसहा मत्स्यप्रेमी मंडळी दर रविवारीं जमतों. हौदाचें पाणी, खाद्य, माशांची दुखणीं यांचा खल चालतो. "वसनेंत सोडूं, पुण्यच लागेल," असें आम्हींच सुचविलें.

बैठकीस आलेला आमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, कोई हा कार्पच, जपानांतील निईगाताच्या शेतकऱ्यांनीं रंगासाठीं जोपासलेला, १९१४ च्या टोकियो प्रदर्शनापासून प्रसिद्धीस आलेला. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. हौदांतले रोगही नदींत नेतो. आणि वसना पुढें कृष्णेस मिळते."

आम्ही निरुत्तर झालों. मनूनें मत्स्याच्याच सांगण्यावरून त्यास समुद्रांत नेलें होतें. आम्हीं नदीस विचारिलेंहि नव्हतें. इतकीं वर्षें कथा शिकवूनहि हें मर्म निसटलेंच.

मंडळींनीं आतां ठरविलें आहे कीं, वाढलेला मासा मोठा हौद असेल त्या घरीं द्यावा. नदींत कदापि सोडूं नये. हौस आपली, तर तिचा भारहि आपणच वाहावा.