वाघिणीला नाव, माणसांना आकडा

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सपाट वऱ्हाड संपते आणि सातपुड्याची चढण सुरू होते. संत्र्याच्या बागा मागे राहतात, सागाची राने पुढे येतात. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प उभे राहिले, त्यांत मेळघाट होता; आणि परतवाडा हे त्या मेळघाटचे प्रवेशद्वार. येथील माणसाला वाघ दिनदर्शिकेवरच्या चित्रातून भेटत नाही. कोरकूंच्या गावाशिवेला शेंदूर माखलेला वाघदेवाचा दगड असतो. त्याच्यापुढे हात जोडणारा माणूस दिवस मावळल्यावर एकटा रानात पाऊल टाकत नाही. श्रद्धा आणि सावधपणा या दोहोंत त्याला कसलीही विसंगती जाणवत नाही.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील बोराटी परिसरात 'टी-१' ही वाघीण गोळीने मारली गेली. त्यानंतर देशभर जो गदारोळ माजला, त्यात या साध्या शहाणपणाचा मागमूसही नव्हता. तो गदारोळ केव्हाच विरला. परंतु त्याने सार्वजनिक चर्चेला लावलेली खोड मात्र विरलेली नाही. बंदुकीचा आवाज झाला की आधी आपला पक्ष ठरवायचा आणि पुरावा मागाहून पाहायचा, तोही सोयीचा असेल तर! पांढरकवडा-राळेगावच्या कापूसपट्ट्यात जे घडले ते उद्या मेळघाटच्या पायथ्याशी घडू शकते. म्हणूनच त्या प्रकरणाचा हिशेब शांतपणे मांडणे अगत्याचे आहे.

एका रात्रीत दोन निकाल

घटना घडून दोन दिवस होण्याच्या आतच दोन निकाल लागले होते. पहिला निकाल महानगरांनी दिला: ही हत्या आहे! तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी तो शब्द उच्चारला आणि आपल्याच पक्षाचे राज्यातील वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना पदावरून दूर करण्याची मागणी केली. राहुल गांधी यांना महात्माजींच्या प्राणिदयेच्या वचनाची आठवण झाली. मोर्चे निघाले, फलक झळकले, वाहिन्यांवर चर्चासत्रे रंगली. तोपर्यंत शवविच्छेदनाचा अहवालही कोणी डोळ्यांखालून घातलेला नव्हता.

दुसरा निकाल मोहिमेच्या बाजूने तितक्याच तडफेने दिला गेला: हे स्वसंरक्षण आहे! बेशुद्धीचा डार्ट लागल्यावर वाघीण उघड्या जीपवर चालून आली, म्हणून अस्गर अली खान यांनी गोळी झाडली, असे सांगण्यात आले. 'स्वसंरक्षण' हा शब्द एकदा उच्चारला की जणू चौकशीचे दार आपोआप बंद होते, अशीच ही मांडणी होती.

एका बाजूला पुराव्याआधी शिक्षा, दुसऱ्या बाजूला पुराव्याआधी निर्दोषत्व. दोन्ही बाजूंचा न्याय एकाच जातीचा होता.

ज्यांना नाव मिळाले नाही

वनखात्याच्या कागदांत ती वाघीण 'टी-१' होती. शहरी प्राणिमित्रांनी तिचे 'अवनी' असे बारसे केले. नाव गोड आहे, त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु नावाबरोबर चेहरा येतो, चेहऱ्याबरोबर कहाणी येते आणि कहाणीबरोबर अश्रू येतात. २०१६ च्या जूनपासून २०१८ च्या ऑगस्टपर्यंत त्या टापूत वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसे मेली. त्यातील पहिला बळी कपाशीच्या शेतात सापडलेली एक वृद्ध स्त्री होती. एकट्या ऑगस्ट २०१८ मध्ये तिघे गेले. या तेरांपैकी एकाचे तरी नाव त्या मोर्चांतील फलकांवर झळकले काय? वाघिणीला नाव मिळाले. माणसांच्या वाट्याला आला तो केवळ आकडा.

पक्षपात नेहमी खोटे बोलूनच होतो असे नाही. कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाची नुसती संख्या सांगायची, एवढ्या निवडीनेही तो होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात न जाणे म्हणजे वर्षाची कमाई घालवणे, आणि जाणे म्हणजे जीव पणाला लावणे, अशा पेचात ती गावे दोन वर्षे जगली. वाघीण मेल्याचे कळताच तेथे फटाके फुटले, तेव्हा शहरांतून धिक्कार उमटला. मृत्यूवर आनंद साजरा करणे शोभादायक नव्हे, हे खरेच. पण ज्याच्या घरातून तिरडी निघाली, त्याच्या सुटकेच्या निःश्वासाला क्रौर्य म्हणणारी संवेदनशीलता कोणत्या शाळेत शिकवली जाते? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. २०२१ मध्ये दाखल झालेली अवमान याचिका, गावकऱ्यांच्या त्या कार्यक्रमात अधिकाऱ्यांचा सहभाग नव्हता हे पुढे आल्यावर, मागे घेतली गेली.

आणि स्वसंरक्षणाचे काय?

येथवर वाचून जो वाचक समाधानाने मान डोलावीत असेल, त्याने पुढचा हिशेबही तितक्याच धीराने ऐकला पाहिजे. शहरी कंठशोष एकांगी होता म्हणून मोहिमेचा दावा खरा ठरत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ११ स्पष्ट आहे. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्यप्राण्याला मारणे हा गुन्हा नाही. मात्र त्याच पोटकलमाचे परंतुक सांगते की, बचावाची वेळ आली तेव्हा जो स्वतःच या कायद्याचे उल्लंघन करीत होता, त्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे गोळी झाडतानाचा क्षण पुरेसा नाही; त्या क्षणापर्यंत माणूस कसा पोहोचला हेही पाहावे लागते.

आता पुरावा पाहावा. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूने खांद्याजवळ शिरल्याचे आढळले. वाघीण समोरून झेप घेत असल्याच्या कथनाशी ही जखम जुळली नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने दिलेला अहवाल याहून कडक होता. डार्ट बंदुकीतून सुटल्याची लक्षणे नव्हती. बेशुद्धीच्या कामी अनिवार्य असलेला पशुवैद्य सोबत नव्हता. डार्टमधील औषध फार आधी भरून ठेवलेले होते. प्राधिकरणाची प्रमाण कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. मोहिमेची जबाबदारी शफत अली खान यांच्यावर होती. त्या रात्री ते तेथे नव्हते आणि बंदूक त्यांच्या मुलाच्या हाती होती.

यातील सर्वांत दुःखद भाग हा की, या साऱ्या आडवळणाची काही गरजच नव्हती. ४ सप्टेंबर २०१८ चा मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश होता: आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न, तो न साधल्यास मनुष्यहानी टाळण्यासाठी ठार करणे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. गावकऱ्यांची बाजू न्यायाच्या सर्वोच्च पायरीवर टिकलेली होती. दिवसाउजेडी, पशुवैद्याच्या उपस्थितीत, सर्व नोंदी ठेवून कारवाई झाली असती आणि तरीही वाघीण मारावी लागली असती, तर 'हत्या' म्हणणाऱ्यांचा आवाज चार दिवसांत बसला असता. रात्रीच्या अंधारातील उतावीळपणाने तेरा घरांची न्याय्य बाजू संशयाच्या पिंजऱ्यात उभी केली. खोटा पडलेला बचाव खऱ्या बचावाचा सर्वांत मोठा वैरी असतो.

दुसरी वाटही होती

याच ऑक्टोबर २०१८ मध्ये चंद्रपूरकडून भटकत आलेल्या एका वाघाने अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात दोन माणसे मारली. जिल्हा भयभीत झाला. पण तो वाघ पुढे मध्य प्रदेशात गेला आणि डिसेंबरात बेतूल जिल्ह्यातील सारणी परिसरात जिवंत पकडला गेला. त्यावर देशव्यापी वादळ उठले नाही. कारण तेथे ना कोणाला हुतात्मा मिळाला, ना खलनायक. धामणगावच्या त्या दोन मृतांची मात्र तेव्हाही कोणी विचारपूस केली नाही.

मेळघाटचा अनुभवही ताजा आहे. ब्रह्मपुरी भागात पकडलेली ई-१ वाघीण २०१९ मध्ये येथे आणून सोडली गेली. तिने माणसांवर हल्ले केले आणि अखेर तिला बेशुद्ध करून गोरेवाड्याला हलवावे लागले. एका जिल्ह्यातील दुखणे दुसऱ्या जिल्ह्यातील वनवासींच्या अंगणात सोडण्याला व्यवस्थापन म्हणत नाहीत. ज्या मेळघाटातून कोहा, कुंड, बोरी यांसारखी गावे वाघासाठी उठून पायथ्याशी येऊन वसली, त्या मेळघाटच्या माणसाला वन्यजीवप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि ज्या वाघिणीसाठी एवढे अश्रू ढाळले, तिच्या पिलाचे काय झाले? मादी बछडी डिसेंबर २०१८ मध्ये पकडली गेली, पेंचमध्ये वाढवली गेली, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली गेली आणि थोड्याच दिवसांत मेली. तेव्हा ते मोर्चे कोठे होते? ते फलक कोठे होते?

एकच माप हवे

आपल्या परंपरेने वाघाला जगदंबेचे वाहन मानले, तसेच गावकुसाआतल्या जिवाचे रक्षण हा राजधर्म मानला. या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची सक्ती तिने कधी केली नाही. आज ती सक्ती केली जाते ती दूर बसलेल्यांकडून, ज्यांना वाघही पडद्यावर दिसतो आणि शेतकरीही.

म्हणून समाजाने मागणी करायची ती एकाच मापाची. गोळी वनाधिकाऱ्याची असो, पोलिसाची असो वा एखाद्या नामांकित शिकाऱ्याची. मरणारा वाघ असो वा माणूस. 'हत्या' हा शब्द पुराव्याआधी उच्चारू नये आणि 'स्वसंरक्षण' हा शब्द पुराव्यावाचून स्वीकारू नये. आपल्या आवडीच्या माणसाने केलेला दावा तर दुप्पट कसोशीने तपासावा, कारण तेथेच डोळ्यांवर पट्टी बांधली जाण्याचा धोका अधिक.

संध्याकाळ झाली की मेळघाटच्या पायथ्याच्या गावांतील माणसे आजही शेतातून घाईने परततात. न्यायाधीशाची भूमिका घेणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या पायवाटेने, त्या वेळेला, एकदा चालून पाहावे. मग बोलावे.