शेण आणायचं कुठून?

वेळ अमावस्या चार दिवसांवर आली होती, हरभरा घाट्यात येत होता, आणि देवणी तालुक्यातल्या एका आखाड्यावर विशी-पंचविशीतली मुलंमुली प्रमाणपत्र घ्यायला जमली होती. जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीआधी सुरू झालेली त्यांची शेतीशाळा त्या दिवशी संपत होती. पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं. मी थोडक्यात आटोपलं, कारण सांगण्यासारखं त्या लेकरांकडंच जास्त होतं.

एका सुनेनं मोठ्या कागदावर हरभऱ्याचं झाड काढलं होतं. एका बाजूला घाटे अळी, दुसऱ्या बाजूला तिला खाणारे कोळी आणि ढालकिडे. "कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग सापडले, नाहीतर मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच फवारायचं," ती म्हणाली. पाखरांना बसायला तिनं रानात बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या. सोयाबीनच्या वेळी घरच्याच बियाण्याचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहिली होती. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, हा हिशेब तिच्या सासऱ्यांनी आता पाठ केलाय. सासऱ्याला शेतीतलं शिकवणारी सून आमच्या भागात उभी राहते आहे, याचा मला फार आनंद झाला.

शेतीशाळेची ही पद्धत इंडोनेशियातल्या भातशेतीतून आली. तिथं तपकिरी तुडतुड्यांवर जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण औषधानं त्यांना खाणारे कोळीच मरत होते. १९८६ साली सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांचे वर्ग बांधावर भरू लागले. आपल्याकडं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानं २०१८ पासून मराठवाडा-विदर्भातल्या खेड्यांत अशा शेतीशाळा भरवल्या.

प्रमाणपत्रं वाटून झाली. फोटो झाले. मग मागं बसलेला एक मुलगा उठला. "साहेब, दोनशे लिटर जीवामृताला दहा किलो शेण लागतं. आमच्या गल्लीत एकाच्याही दावणीला जनावर नाही. शेण आणायचं कुठून?"

हा प्रश्न देवणीत विचारला जावा! जिच्या नावानं हे गाव देशभरातल्या पशुवैद्यांना ठाऊक आहे, ती देवणी गाय इथली. गीर, डांगी आणि इथल्या गावरान जनावरांच्या संकरातून ती घडली, असं जाणकार सांगतात. पांढरीशुभ्र ती बालंक्या, तोंडाच्या बाजूला काळी ती वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा. गाय दूध देणारी, बैल भारी रानात ओढणारा. टिकाऊ शेती म्हणून आज जे शिकवलं जातं, त्यातलं निम्मं तिच्या दावणीला बांधलेलं होतं.

ती दावण मोकळी कशी झाली, याचं उत्तर मला ट्रॅक्टरपेक्षा पिकात जास्त दिसतं. खरिपातली ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीननं रोख पैसा दिला, लेकरांच्या शाळेची फी भरली, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनच्या भुसकटावर देवणीचा बैल वर्षभर पोसला जात नाही. वैरण विकत घ्यायची म्हटल्यावर बैलजोडी बाजारात गेली आणि शेतातलं शेणखत संपलं. आता वेळ अमावस्येला पांडव पुजायला कोप करायची, तर कडब्याच्या पेंढ्या मागून आणणारी घरं मी पाहतो.

म्हणून शेतीशाळा भरवणाऱ्यांकडं माझा आग्रह आहे: पुढच्या तुकडीचे निम्मे वर्ग गोठ्यात घ्या. कीड मोजायला शिकवता तसं वैरणीचं गणित शिकवा. दोन जनावरांना वर्षाला किती कडबा लागतो, त्यासाठी किती गुंठे ज्वारी राखायची, शेण आणि मूत सावलीत कसं साठवायचं. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथल्या मास्तरांना बांधावर बोलवा. आणि तरुणांना भांडवल लागेल. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही लागू आहे, पण सातबारा बापाच्या नावावर असलेल्या पोराला बँकेच्या दारात कुणीतरी सोबत करायला हवी. ते कामही शाळेनं आपलं मानावं.

जेवताना तो मुलगा शेजारी येऊन बसला. रब्बीच्या अर्ध्या एकरात त्यानं यंदा ज्वारी पेरली आहे, कणसं भरली आहेत. रास झाली की कडब्याची गंजी लावून हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणीची एक कालवड आणायची, असं त्यानं ठरवलंय. भाव जमला तर दोन.