घरगुती अक्षरें आणि खासगी संकेत

आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या महिन्यांत आपल्या कैलासवासी वडिलांच्या आठवणींची संगणकावरील प्रत आम्हांकडे पाठविली. वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर, १९९७ च्या सुमारास, त्यांनीं मोठ्या चिकाटीनें सुमारें दोनशें पृष्ठें स्वतः टंकलिखित केलीं होतीं. आम्हीं ती प्रत उघडली, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरें, कंस आणि प्रश्नचिन्हें यांची नुसती खिचडी! मराठीचें एकहि अक्षर तींत नव्हतें. चौकशी करतां कळलें कीं, ज्या फॉन्टांत तें लिखाण झालें तो त्यांच्या भाच्यानें घरीं हौसेनें तयार केला होता. अक्षरें सुबक होतीं, घरांत सर्वांस त्यांचें कौतुक होतें. परंतु पुढें जुना संगणक मोडींत गेला आणि त्याबरोबर फॉन्टहि गेला. कागदावर प्रत काढून ठेवण्याचें कोणास सुचलें नव्हतें.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, हौशी माणसानें असल्या भानगडींत पडूंच नये. फॉन्ट करणें हें तज्ज्ञांचें काम. आमचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. भाच्यानें अक्षरें घडविलीं हा त्याचा गुण. त्या अक्षरांमागचे अंक त्यानें स्वतःच्या मनचे घातले हा त्याचा दोष. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे सर्रास होते, म्हणून त्या निवडून दाखविणें अवश्य आहे.

संगणकास अक्षर ठाऊक नसतें. त्यास अंक ठाऊक असतो. आपण लिहितों तेव्हां अंकांची एक ओळ सांठविली जाते, आणि कोणत्या अंकासाठीं कोणतें चित्र काढावयाचें तें फॉन्ट सांगतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत क चा अंक २३२५ आहे. ज्या ज्या फॉन्टांत या अंकापुढें क चें चित्र आहे, त्या प्रत्येकानें तो मजकूर वाचतां येतो. उलट, जुन्या खासगी संकेताच्या फॉन्टांत इंग्रजी डी चा जो १०० हा अंक, त्यापुढें क चें चित्र बसविल्याचीं उदाहरणें आहेत. डोळ्यांस क दिसे. यंत्र मात्र शेवटपर्यंत त्यास डीच समजे.

प्रथम गुणाविषयीं. घरीं अक्षर घडविण्याचा उत्तम मार्ग ठिपक्यांचा. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहींत आठ घरें रुंद आणि सोळा घरें उंच अशी जागा आंखावी. एकेक घर म्हणजे पडद्यावरील एक ठिपका, ज्यास पिक्सेल म्हणतात. जेथें शाई तेथें एक, जेथें कोरें तेथें शून्य. अशा आठ घरांच्या ओळीचा मिळून शून्य ते २५५ यांमधला एक अंक होतो. शिरोरेखेची ओळ पूर्ण भरलेली, म्हणजे २५५. अशा सोळा अंकांत एक अक्षर मावतें. आमच्या घरच्या वहींत आम्हीं वरच्या चार ओळी मात्रा-वेलांट्यांस ठेविल्या, पांचवी शिरोरेखेस, पुढच्या आठ अक्षराच्या अंगास, आणि तळच्या तीन उकारांस. जागा इतकी अपुरी कीं प्रत्येक ठिपक्याचा जाब द्यावा लागतो. घ आणि ध यांतील भेद शिरोरेखेंतील एकदोन मोकळ्या घरांवर येऊन ठेपतो. पोटांतली तिरपी रेघ बिघडली कीं ष चा प होतो. जन्मभर वाचलेली लिपि आपण कधीं नीट पाहिलीच नव्हती, हें त्या वहीवर बसल्यावांचून कळत नाहीं.

ही हौस नवी नाहीं. १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर मालकास स्वतःचीं २१ चिन्हें काढण्याची सोय होती. आपल्या व्यंजनांसहि ती पुरली नसती. आज ग्नू युनिफॉन्ट म्हणून जो ठिपक्यांचा फॉन्ट आहे, तो १९९८ सालीं सुरू झाला आणि हौशी लोकांच्याच हातांनीं वाढला. त्याचें प्रत्येक अक्षर सोळा ओळींच्या चौकटींत काढलेलें आहे, आणि प्रत्येकाचा अंक सर्वमान्य आहे. आमचें सारें म्हणणें या एका उदाहरणांत येतें.

आतां दोषाविषयीं. न्यायानें सांगावयाचें तर जुन्या फॉन्टकारांची अडचण खरी होती. त्या काळीं एका फॉन्टांत अवघ्या २५६ जागा. त्यांतल्या १२८ आस्की या इंग्रजी संकेताच्या. तेवढ्यांत आपलीं अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें आणि मात्रा कोंबावयाच्या. म्हणून त्यांनीं छापखान्यांतील खिळ्यांप्रमाणें अक्षरांचे तुकडे केले. अर्धा ग आणि काना मिळून ग. 'कि' लिहावयाचें तर आधीं वेलांटी, मग क. इस्की हा संकेत १९९१ सालीं भारतीय मानक ठरला, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस १२८ जागांचें घर मिळालें. तरी ती सोय सामान्य माणसाच्या यंत्रापर्यंत पोंचावयास बराच काळ लागला. तेव्हां १९९७ सालच्या भाच्यास आम्ही फांशीं देऊं इच्छीत नाहीं. आमचा रोख आहे तो आज, सर्व साधनें हाताशीं असतां, तोच मार्ग धरणाऱ्यांवर.

अशांचा पहिला युक्तिवाद असा कीं, समाईक संकेतानें अक्षरांचें वळण एकसांची होईल. हा निव्वळ भ्रम आहे. अंक हें अक्षराचें नांव आहे, रूप नव्हे. ल चा अंक २३५४ हा एकच. त्यापुढें मराठी वळणाचा ल काढा, हिंदी वळणाचा काढा, कीं बोरूनें लिहिल्यासारखा काढा, युनिकोड कोठेंहि आड येत नाहीं. र. कृ. जोशी यांचा मंगल आणि मुंबईच्या एक टाइप मंडळींचा मुक्ता हे दोन फॉन्ट शेजारीं ठेवून पाहावे: वळणें निराळीं, अंक तेच.

दुसरा युक्तिवाद स्वाभिमानाचा आहे. संकेत परक्यांनीं केला, त्यांत मराठीचें कोण पाहतो, असें विचारलें जातें. पण युनिकोडांतील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. आचार्यांस दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यांस मजुरी, हा आपल्या लेखनांतला भेद तींत राखतां येतो. त्यासाठीं ऱ ला स्वतंत्र अंक आहे. मराठीस हवा असलेला ॲ २००८ सालीं आंत आला. मोडी लिपीस २०१४ सालीं स्वतंत्र जागा मिळाली. त्यापूर्वीं मोडीच्या अभ्यासकांस देवनागरीचे किंवा इंग्रजीचे अंक उसने घेण्यावांचून गति नव्हती, आणि त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु पुरावा मांडला तर दार उघडतें, हें यावरून सिद्ध होतें. ज्यास आपल्या मनचें एखादें चिन्ह घालावयाचेंच आहे, त्याच्यासाठीं युनिकोडनें ६,४०० जागांचें खासगी आवार मुद्दाम मोकळें ठेविलें आहे. तेथें खुशाल रमावें. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरें चोरून बसविण्याचें कारण काय?

तिसरा युक्तिवाद व्यवहाराचा, आणि तोच सर्वांत घातक. मजकूर छापून निघाला कीं काम संपलें, मागचे अंक कोण पाहतो? उत्तर असें कीं, ज्यास डोळे नाहींत तो पाहतो. अंध वाचकास यंत्र मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितें. खासगी संकेताच्या मजकुरावर तेंच यंत्र इंग्रजी अक्षरांची बडबड करतें. शब्द शोधूं पाहणारा, कोशाच्या क्रमानें लावूं पाहणारा अभ्यासक पाहतो. आणि तीस वर्षांनीं बापाचें लिखाण उघडणारा मुलगा पाहतो.

म्हणून वाचकांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. ज्यांच्या घरीं अशा जुन्या फॉन्टांतील लिखाण असेल त्यांनीं, तो फॉन्ट हाताशीं आहे तोंवर, तें युनिकोडांत उतरवून घ्यावें. आणि घरांतील मुलाबाळांस अक्षरें घडविण्याची हौस असेल तर तींत मोडता घालूं नये. चौकटीची वही आणून द्यावी, आणि समासांत प्रत्येक अक्षराशेजारीं त्याचा सर्वमान्य अंक लिहावयास सांगावें.

त्या शिक्षकांच्या आठवणींचें काम आम्हीं आणि स्नेह्यांनीं मिळून हातीं घेतलें आहे. पहिल्या ओळींत वडिलांचें नांव आणि गांव असणार या तर्कानें कांहीं चिन्हें उलगडलीं; त्यांवरून आणखी कांहीं लागलीं. आजवर दीड पान वाचून झालें आहे. त्यांत त्यांच्या आईचें माहेर आलें आहे, आणि एका शब्दापाशीं आम्ही चार दिवस अडून आहों.