आधी सांग, काय बदललंस?

मुलाचा कॉम्प्युटर सुरू होईना. बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पण स्क्रीन काळाच. "काय केलंस?" मी विचारलं. "काहीच नाही, बाबा. आपोआप बंद पडला."

गुरुग्रामच्या पोस्टिंगमधला एक रविवार त्यात गेला. केबल तपासली, दुसरा मॉनिटर जोडून पाहिला, रॅमच्या पट्ट्या काढून एकेक लावली. शेवटी पॉवर सप्लाय गेला असं ठरवून मी नेहरू प्लेसला निघालो, तेव्हा चिरंजीव दारात येऊन म्हणाले, "बाबा, मी ओव्हरक्लॉक केला होता."

कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं. त्याला ३६ ने गुणलं की ३.६ गिगाहर्ट्झ. याने तो गुणक वाढवला, व्होल्टेज वाढवलं आणि रॅमचा वेगही, सगळं एका बैठकीत. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त, उष्णताही तितकीच. आणि हे मे महिन्यात, जिथे २०२२ साली पारा ४८ अंशांच्या वर गेला होता त्या गावात!

खरं कळल्यावर काम दहा मिनिटांचं. प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरून उरलीसुरली वीज जाऊ दिली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवली. बऱ्याच बोर्डांवर यासाठी 'क्लिअर सीमॉस'च्या दोन पिना असतात. मॅन्युअल बघून त्या जोडल्या तरी चालतं. बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आली. पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी नव्याने होते, वेळ लागतो; धीर सोडून पुन्हा बटण दाबू नये. आमचं फक्त तारीख-वेळ चुकलं होतं, बाकी सगळं शाबूत.

प्रयोग केल्याचा मला राग नाही. यंत्राची हद्द कुठे आहे हे पोराने शोधावंच; फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परतीची वाट आधी पाहून ठेवावी. माझं दुखणं वेगळं आहे. अख्खी दुपार बिघाडापायी गेली नाही, भीतीपायी गेली. आणि ती भीती माझी होती. मागे त्याच्या हातून फोन फुटला तेव्हा मी काय काय बोललो, ते त्याच्या लक्षात होतं.

कॅडेट असताना एका धावण्याच्या शर्यतीआधी मीही पायाचं दुखणं लपवलं होतं. दोन दिवसांची विश्रांती टाळायला गेलो आणि कित्येक आठवडे लंगडत बसलो. तरीही बाप झाल्यावर विसरलोच.

माजी सैनिक वाचक म्हणतील, चूक माफ करत सुटलात तर शिस्त कुठे राहिली? मुद्दा रास्त आहे. पण अमेरिकेतली विमानवाहतूक पाहा. १९७६ पासून तिथे 'नासा' वैमानिकांकडून गोपनीय अहवाल घेते. नकळत झालेला नियमभंग वेळेत कळवला तर सहसा दंड होत नाही. अपघात आणि गुन्हे मात्र या सवलतीबाहेर. म्हणजे शिस्त ढिली होत नाही. बातमी वेळेत पोचते. गिअरबॉक्सचा आवाज येतोय हे ड्रायव्हरने गॅरेजमध्ये सांगितलेलं बरं, की घाटात कळलेलं?

शिक्षा असावीच, पण ती लपवण्याला. सांगणाऱ्याला झापलं की पुढच्या वेळी सांगणारा उरत नाही.

आता कॅबिनेटवर एक वही ठेवली आहे: तारीख, काय बदललं, कितीवरून किती. पहिली नोंद त्याने केली. खाली सही माझी आहे, शेरा न मारता.