गोलमागे पन्नास रुपये

वाचकहो, दिवाळीत गोडाधोडाचे लिहावे असा रिवाज आहे. पण यंदा मला माझी एक चूक सांगायची आहे.

आम्ही कोल्हापूरकर. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने पाहतच येथली पोरे वाढतात. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे; शाळा सुटली की चेंडूमागे. मला कोठून बुद्धी झाली कोण जाणे, मी जाहीर केले, "प्रत्येक गोलमागे पन्नास रुपये!"

पहिल्या महिन्यात दोनशे रुपये गेले. दुसऱ्या महिन्यात त्याचा मित्र दारात येऊन म्हणाला, "काका, ह्यो आता पास देतच न्हाई. मी मोकळा असलो तरी स्वतःच मारतोय." मग संघातली मुलेही त्याला चेंडू देईनात. गोल आटले, पैसे थांबले आणि एके दिवशी बूट कॉटखाली गेले. "कंटाळा आला, बाबा."

मी त्याच्या सरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सामना संपल्यावर तुम्ही त्याला पहिला प्रश्न कोणता विचारता?" मी ओशाळलो. माझा प्रश्न ठरलेला, "किती मारलेस?"

पुढे वाचनात आले की लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रांची मुळातच आवड असलेल्या बालवर्गातील काही मुलांना त्यांनी आधीच सांगितले, 'चित्र काढा, बक्षीसपत्र मिळेल.' एकदोन आठवड्यांनी ही मुले आपण होऊन चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना न सांगता बक्षीस दिले, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे शाबासकीने बिघडत नाही; आधी ठरवलेल्या सौद्याने बिघडते.

मी सौदा मोडला. मित्राने त्याला घरातून ओढून नेले. सरांनी त्याला मधल्या फळीत खेळवले. चुकला तर ओरडले नाहीत, पुन्हा करून दाखवले.

गणपतीच्या आधी एका संध्याकाळी स्वारी चिखलाने माखून आली. गोल एकही नव्हता. पण आपल्या पासवर मित्राने गोल कसा मारला, हे सांगता सांगता ताटातला भात गार झाला. माझ्या ओठांवर तो जुना प्रश्न आलाच होता, सौ.ने डोळ्यांनी दटावले.

तेव्हा तुमच्या घरचा कोणी अर्धा फराळ टाकून मैदानावर पळाला, तर परतल्यावर एवढेच विचारा, "मजा आली का रे?"