माध्यमिक शाळांतील भूगोल वर्गाबाहेर नेण्याबाबत निवेदन

स्थळ : सातारा
दिनांक : १४ जानेवारी २०२६ (भूगोल दिन)

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : इयत्ता नववी-दहावीच्या भूगोल अध्यापनात क्षेत्रभेट व नकाशावाचन प्रत्यक्षात आणणे, त्यासाठी परवानगी, गुण, नकाशे व शिक्षक यांची तरतूद करणे.

महोदय,

आम्ही सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत भूगोल शिकवणारे शिक्षक आणि आमच्या शाळांतील काही पालक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माध्यमिकची नवी पुस्तके यायला अद्याप अवधी आहे. पुस्तके छापून शाळांत पोहोचल्यावर केलेल्या सूचना फायलीत राहतात, म्हणून आत्ताच लिहीत आहोत.

भूगोल कशासाठी शिकवायचा, याचे उत्तर आमच्या जिल्ह्यात शोधत बसावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्हा परिषदेच्या हद्दीत दहापट फरक आहे. त्याचे कारण ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ या दोन शब्दांत आमची मुले बिनचूक लिहितात. पण माणमधल्या मुलाने पश्चिमेकडे बोट करून ढग कुठे अडतात ते कधी दाखवलेले नसते, आणि जावळीतल्या मुलीला आपल्या डोंगरावर पडलेले पाणी कोणकोणत्या तालुक्यांतून वाहत जाते हे सांगता येत नाही.

पाटण तालुक्याचे तर विचारूच नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आजी-आजोबांच्या तोंडी अजून आहे, आणि लहान धक्के आजही जाणवतात. धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची संशोधन प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल वेधछिद्र घेण्यात आले आहे. जगातले शास्त्रज्ञ जे पाहायला येतात ते आमच्या मुलांच्या अंगणात आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. रायगडात तळीये आणि नंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी, पुणे जिल्ह्यात २०१४ साली माळीण. दरवेळी चौकशा झाल्या, पुनर्वसनाचे आराखडे झाले. आम्ही दरड थांबवू शकू असा आमचा दावा नाही. परंतु उतारावर नव्याने पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे आणि विजेचे खांब यांचा अर्थ काय असू शकतो, हे डोंगराखालच्या गावातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला माहीत असलेच पाहिजे. हे ज्ञान देणारा शालेय विषय भूगोल आहे आणि ते वर्गात फळ्यासमोर बसून मिळत नाही.

सध्या काय होते ते नमूद करतो. दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. त्यात मुले नळदुर्गहून अलिबागला निघतात, वाटेत बदलणारी जमीन, पिके, घाट, समुद्र पाहतात, शिक्षकांना प्रश्न विचारतात. पाठ सुरेख आहे. एकंदर बालभारतीच्या या मालिकेबद्दल आमची तक्रार नाही. भारत आणि ब्राझील यांची तुलना करत दहावीचा भूगोल मांडणे हे धाडसाचे काम होते आणि ते चांगले झाले आहे. सातवीत समोच्च रेषांचा पाठ आहे, नववीची सुरुवातच वितरणाच्या नकाशांनी होते. लिहिणाऱ्यांनी आपले काम केले. मात्र राज्यातल्या असंख्य वर्गांत ‘क्षेत्रभेट’ हा पाठ बाकावर बसून मोठ्याने वाचला जातो, क्षेत्रभेटीला जाताना कोणते साहित्य न्याल, प्रश्नावली कशी तयार कराल याची उत्तरे वहीत उतरवून घेतली जातात, ती पाठ होतात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकता क्षेत्रभेटीत उत्तीर्ण होता येते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना मनापासून खुपते.

मार्च २०२० मध्ये होणारा दहावीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. त्या प्रसंगी मंडळापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे आम्ही मान्य करतो. पण दुसरा मार्ग का नव्हता? कारण विद्यार्थ्याला भूगोल किती येतो याचा भरवशाचा पुरावा एका दोन तासांच्या पेपराखेरीज कुठेच नव्हता. वर्षभर केलेल्या नकाशाकामाची आणि क्षेत्रकामाची तपासलेली नोंदवही प्रत्येक मुलाच्या नावावर असती, तर भूगोलाचे गुण भूगोलातूनच देता आले असते.

असे शिकवता येते का, असा प्रश्न अधिकाऱ्यांकडून येतो. येते. आमच्यापैकी काहींनी नववीच्या मुलांना शाळेमागच्या ओढ्यावर नेऊन पाहिले आहे. हातात सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, हे मुलांना तोंडपाठ होते. शाळेपासून ओढ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून मग तेवढेच चालल्यावर ते पायांना कळले. एका मुलीने विचारले, नदी निळी आहे तर आपला ओढा काळ्या रेषेने का दाखवलाय? बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पात्र काळ्या रंगात दाखवतात, हे तिला सांगितले. त्यावर दुसरा मुलगा म्हणाला की त्याच्या आजोबांच्या वेळी ओढ्याला चैत्रातसुद्धा पाणी असायचे. मग नकाशाचे सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले ते कोपऱ्यात शोधणे, आजोबांना भेटणे, वरच्या अंगाला किती विहिरी आणि बोअर झाल्या ते मोजणे असा अभ्यास आपोआप सुरू झाला. भूजल, प्रवाह, भूमी उपयोजन, नकाशाच्या खुणा हे सगळे त्या एका काळ्या रेषेतून निघाले. त्यासाठी बस लागली नाही, वर्गणी लागली नाही.

आणखी एक दाखला. २०१६ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत आमच्या जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे वेळू हे गाव राज्यात पहिले आले. तिथे आणि त्यानंतर माण-खटावच्या गावागावांत शेतकऱ्यांनी, बचत गटाच्या बायकांनी डोंगरावर समान उंचीचे बिंदू आखून सलग समतल चर खोदले. तो चर म्हणजे जमिनीवर काढलेली समोच्च रेषाच. सातवीत त्या रेषेला एक पाठ आहे. पण तो शिकलेल्या कितीतरी प्रौढांना रेषेचा उपयोग कुदळ हातात घेतल्यावर कळला. शाळेने जे चौदाव्या वर्षी द्यायला हवे होते ते एका स्पर्धेने चाळिशीत दिले. त्या चरांवर आजही गवत आहे, झाडे आहेत. शिक्षकाने मुलांना घेऊन तिथपर्यंत जायचे तेवढे बाकी आहे.

तिथेच अडते. क्षेत्रभेटीचा प्रस्ताव ‘शैक्षणिक सहल’ या सदरात जातो. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात विद्यार्थी बुडाल्याच्या दुर्घटनेनंतर सहलींवर कडक अटी आल्या. त्या योग्यच होत्या. परंतु दोन किलोमीटरवरच्या पाझर तलावावर चालत जाणाऱ्या वर्गालाही त्याच अटी लावल्या जातात. आमच्या एका सहकारी शिक्षिकेला गावच्या शिवारात मुले नेण्यासाठी वाहनाची कागदपत्रे जोडा असे कळवण्यात आले. वाहनच नव्हते. तो पावसाळा तसाच गेला आणि ती तुकडी दहावी होऊन बाहेर पडली.

या परिस्थितीत आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : ‘क्षेत्रभेट’ आणि ‘सहल’ या दोन गोष्टी शासन निर्णयाद्वारे स्पष्टपणे वेगळ्या कराव्यात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत, शालेय वेळेत, पायी होणाऱ्या क्षेत्रभेटीस मुख्याध्यापकांची लेखी परवानगी व पालकांचे संमतिपत्र पुरेसे मानावे. सुरक्षेच्या अटी त्यातच असाव्यात : दोन शिक्षक सोबत, मुलींच्या तुकडीबरोबर शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, पाण्यात उतरण्यास पूर्ण मनाई, अतिवृष्टीचा इशारा असताना भेट रद्द. आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीला वर्षातून किमान दोन क्षेत्रभेटी, एक पावसाळ्यात व एक उन्हाळ्याच्या तोंडी, वेळापत्रकात जोड तासिका देऊन बंधनकारक कराव्यात. एकच जागा दोन ऋतूंत पाहिल्याशिवाय आपला प्रदेश कळत नाही.

दुसरी मागणी गुणांबाबत आहे. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हे वास्तव आम्ही नाकारत नाही. म्हणून सामाजिक शास्त्रांच्या २० अंतर्गत गुणांपैकी भूगोलाच्या वाट्याचे गुण क्षेत्रभेटीच्या नोंदवहीसाठीच राखून ठेवावेत आणि नमुन्यादाखल काही शाळांच्या वह्या विभागीय मंडळाने मागवून तपासाव्यात. तसेच ४० गुणांच्या लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तकात नसलेला नकाशाचा एक लहान तुकडा देऊन त्यावर प्रश्न विचारावा : उतार कुठे तीव्र आहे, वस्ती इथेच का वसली, पूर आला तर रस्ता कुठे तुटेल. बारावीला भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला २० गुण आहेत. दहावीनंतर हा विषय सोडणाऱ्या मुलांना मात्र हातात नकाशा न घेताच भूगोलाचा निरोप घ्यावा लागतो.

तिसरी : नकाशे द्यावेत. अनेक शाळांच्या कपाटात आजही असे कापडी नकाशे आहेत ज्यांत पालघर जिल्हा नाही, तेलंगणा नाही आणि जम्मू-काश्मीर अजून राज्यच आहे. पालघर २०१४ मध्ये झाला. म्हणजे आज पाचवीत असलेले मूल जन्मल्यापासून जो जिल्हा अस्तित्वात आहे तो त्याच्या वर्गाच्या भिंतीवर नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या परिसराचा स्थलनिर्देशक नकाशा मोठ्या आकारात छापून, जिल्ह्याचा प्राकृतिक नकाशा आणि राज्य व देशाचे अद्ययावत भिंतीवरचे नकाशे समग्र शिक्षातून पुरवावेत. सर्व्हे ऑफ इंडियाचे खुले नकाशे नागरिकांसाठी संकेतस्थळावर उपलब्ध आहेतच. प्रश्न फक्त छपाईचा आणि शाळेपर्यंत पोहोचवण्याचा आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्पर्शाने वाचता येणारे उठावाचे नकाशेही याच यादीत असावेत. नकाशाच्या प्रश्नाऐवजी त्यांना पर्यायी प्रश्न देणे हा न्याय नव्हे.

चौथी : तिसरीच्या परिसर अभ्यासात प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र पुस्तक आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्याचा जिल्हा मिळतो आणि पुढे दहावीपर्यंत तो पुन्हा भेटत नाही. नव्या अभ्यासक्रमात नववीसाठी प्रत्येक जिल्ह्याची साठ-सत्तर पानांची पुरवणी काढावी. साताऱ्याच्या पुरवणीत कास पठारावरचा जांभा असेल, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या असतील, कराडचा कृष्णा-कोयना संगम असेल. सोलापूरच्या आणि सिंधुदुर्गच्या पुरवणीत त्यांचे त्यांचे. ती लिहिण्यास जिल्ह्यातील शिक्षक व महाविद्यालयीन प्राध्यापक तयार आहेत. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी शासनाकडे असतातच. त्या शाळांना दरवर्षी नियमाने मिळाव्यात. आपल्या मंडळातला पाऊस मुलांनी शाळेच्या पर्जन्यमापकात मोजावा आणि सरकारी आकड्याशी ताडून पाहावा.

पाचवी : संचमान्यतेत ‘सामाजिक शास्त्र’ असा एकच गट धरल्यामुळे भूगोल न शिकलेल्या शिक्षकाकडे भूगोल येतो, कधी उरलेल्या तासिका भरण्यासाठी भाषेच्या शिक्षकाकडेही. त्या शिक्षकांचा यात दोष नाही. ते प्रामाणिकपणे पुस्तक शिकवतात. शक्य तिथे प्रत्येक माध्यमिक शाळेत भूगोलाचा एक पदवीधर असावा. तोपर्यंत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत प्रशिक्षण द्यावे, आणि ते सभागृहात पडद्यावर न देता डोंगरउतारावर, नदीकाठी द्यावे.

महोदय, आज भूगोल दिन आहे. महाराष्ट्राच्या भूगोलाचा पाया घालणाऱ्या प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या स्मरणार्थ राज्यातील शाळा तो साजरा करतात, पृथ्वीगोलाची पूजा होते, प्रश्नमंजूषा होते. याच दिवशी हे निवेदन आपल्या हाती द्यावे असे आम्ही ठरवले. यातील पहिल्या दोन मागण्यांना शासनाचा जवळजवळ काहीच खर्च नाही. एक शासन निर्णय आणि मंडळाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते येत्या जूनपूर्वी निघावे, म्हणजे या पावसाळ्यातच मुले शिवारात जाऊ शकतील. उर्वरित मागण्यांवर माध्यमिकच्या अभ्यासक्रम समितीसमोर म्हणणे मांडण्यासाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावा आणि या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते आम्हांस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतील भूगोल शिक्षक व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
मा. संचालक, बालभारती, पुणे
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सातारा